तीन रेघा, मग इतर

मोरेश्वर झिलपेनं नोटीस माझ्या टेबलावर ठेवली
तेव्हा मी कुणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होते.
मंदे, म्हणाला, याचं उत्तर टाइप करून दे,
इंग्रजी जरा वजनदार टाक.

सोबत ती वस्तूही आणली होती:
काळी, चौकोनी, घडी होणारी,
डिक्कीत ठेवायची,
आत तीन कप्पे, बाजूला जाळी, बुडाला चिकटपट्टी.
चीनमधून तीनशे नग. माल नागपूरच्या डेपोत अडकलेला.
राळेगावात डिक्कीवाल्या गाड्या किती
हे त्यानं मागवायच्या आधी मोजलं नव्हतं.

नोटिशीत प्रश्न एवढाच: हे काय आहे?

झिलपे म्हणे, गाडीचा सामान होय, दुसरं काय.
कस्टम म्हणे पेट्या, बॅगा, पिशव्यांची जात,
बेचाळीस शून्य दोन.
एजंटानं फोनवर तिसरंच काढलं,
शिवलेल्या कापडाच्या वस्तू, त्रेसष्ट शून्य सात,
आणि फोन ठेवताना,
पहा बुवा, मी असं म्हटलं म्हणून सांगू नका.

आठ रात्री मी ते दरपत्रक वाचलं.
लोडशेडिंग होतं, मोबाइलच्या उजेडात.
काय काय लिहून ठेवलंय माणसानं!
जिवंत गाढवं. वापरलेल्या दोऱ्या.
माणसाचे केस, धुतलेले किंवा न धुतलेले.
आणि यादी संपता संपता
तीन बारीक रेघा, मग इतर.
ज्याला कुठंच जागा झाली नाही
त्यालाही एक नंबर, एक दर.

भावाच्या रेशनकार्डावर
माझ्या नावापुढं, नात्याच्या रकान्यात
हाच शब्द आहे.
बारा वर्षांत मी तो कधी
इतका सावकाश वाचला नव्हता.

मग मी उत्तर लिहिलं.
लिहिलं, सदर वस्तू गाडीवाचून निरुपयोगी आहे.
लिहिलं, तिचा मूळ स्वभाव गाडीशी बांधलेला आहे.
मूळ स्वभाव हे त्यांच्याच नियमातलं;
मी फक्त आधी मराठीत
दोनदा तोंडात घोळवून पाहिलं.
झिलपे खूश. मंदे, तू वकील व्हाले पायजे होती.

सुनावणीला पहाटेच्या गाडीनं गेला, नमुना घेऊन.
टेबलामागं एक बाई, चष्म्याला दोरी,
आवाज इतका हळू की पुढं वाकावं लागे.
उघडा, म्हणाल्या.
त्यानं उघडलं.

पहिल्या कप्प्यात पोळ्या आणि जवसाची चटणी.
दुसऱ्यात नंदनवनातल्या साळीसाठी तुरीच्या शेंगा,
ओल्या फडक्यात.
तिसऱ्यात छत्री, बीपीची गोळी,
आणि मी टाइप केलेलं उत्तर.
बायकोनं रात्रीच भरून ठेवलं होतं,
रिकामं कसं न्यायचं म्हणून.

बाईंनी शेंगांकडं पाहिलं. मग विचारलं,
गाडी कुठं लावली?

मॅडम, एसटीनं आलो.

बेचाळीस शून्य दोन.
फरक भरला, व्याजही भरलं,
त्यात लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडली,
हे त्यानं मला नाही, माझ्या भावाला सांगितलं.

आता शुक्रवारच्या बाजारात
चपलांच्या दुकानाशेजारी ताडपत्री टाकून बसतो,
ओरडतो, थैली घ्या, थैली, फॉरेनची!
गाडीचं नावही काढत नाही.
आशाताईंनी तीन नेल्या.
शेळ्यांना इंजेक्शन देणारा येरमे एक घेऊन गेला,
कप्प्यात बर्फाचा डबा बरोबर बसतो म्हणाला.
वेचणीच्या बाया भाव करतात,
थे जाळी कायले होय, विचारतात,
आणि तो तिथंच उभ्या उभ्या
जाळीचा एखादा नवा उपयोग शोधून काढतो.

माझ्या टायपिंगचे पैसे राहिले ते राहिलेच.
त्याऐवजी एक ठेवून गेला.
पहिल्या कप्प्यात कोरे कागद,
दुसऱ्यात लोकांचे विसरलेले फोटो, पासपोर्ट साइज,
घ्यायला कुणी येत नाही, फेकवतही नाहीत.
तिसऱ्यात काय ठेवायचं
ते ठरायच्या आतच
मांजर व्याली.